जनावराला विषबाधा झाली तर : डॉक्टरला फोन लावा अन् औषधाचा डबा हातात ठेवा

केळझर (ता. सेलू) : पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की आपल्या भागात एक गोष्ट दरवर्षी घडते. कोणाची बकरी धुऱ्यावरचं गवत खाऊन थरथरत पडते. कोणाचा बैल कोठ्यात लाळ गाळत उभा राहतो. कोणाचं कुत्रं रात्री भुंकत असतं आणि सकाळी अंगणात मेलेलं सापडतं. अशा वेळी घरात एकच गोंधळ उडतो. कोणी ताक आणतो, कोणी मीठ-पाणी, कोणी गोडेतेल. डॉक्टरला फोन लागतो तो सगळ्यात शेवटी.

हे मी दुसऱ्यांचं सांगत नाही. माझ्या वावरातल्या काळ्या कुत्र्यानं फवारणीच्या ड्रमजवळ साचलेलं पाणी चाटलं. संध्याकाळी लाळ सुरू झाली, मग पाय लटपटायला लागले. मी दीड तास ताक आणि मीठ-पाणी पाजण्यात घालवला. शेवटी डॉक्टरसाहेबांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, औषध कोणतं होतं?" मला सांगता आलं नाही. डबा मी धुऱ्यावर फेकला होता, अन् अंधार पडला होता. डबा सकाळी सापडला. काळ्या रात्रीच गेला होता.

पुढच्या हंगामात शेजारच्या गायीला असंच झालं. या वेळी आम्ही आधी डब्याच्या लेबलचा फोटो मोबाईलवर पाठवला. डॉक्टर लागणारी इंजेक्शनं घेऊनच निघाले. गाय वाचली. या दोन घटनांतला फरक सगळ्या पशुपालकांना माहीत असावा, म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहे. ही माहिती डॉक्टरच्या ऐवजी नाही, डॉक्टर येईपर्यंतची आहे.

विष येतं कुठून?

आपण कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतो, त्यामुळे त्याची भीती कमी वाटते. आपल्या भागात जनावरांना विषबाधा होण्याची नेहमीची कारणं अशी :

१) फवारणीचं औषध. फवारलेलं गवत, धुऱ्यावरचं तण, ड्रममधलं उरलेलं पाणी, पंप धुतलेल्या नाल्याचं पाणी, रिकाम्या डब्यात पाजलेलं पाणी.

२) गोचिडावर शेतातलं औषध लावणं. हे फार ठिकाणी चालतं आणि फार धोक्याचं आहे. पिकावरचं औषध चामडीतून थेट रक्तात जातं, शिवाय जनावर अंग चाटतं तेव्हा पोटातही जातं.

३) बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. उरलेलं रंगीत बियाणं कोंबड्यांसमोर पडलं की कोंबड्या मरतात. पेरलेल्या वावरात मोरही मरतात.

४) उंदराचं औषध. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. वडी किंवा केक मिळतो तो बहुधा ब्रोमाडिओलोनचा. कुत्रं-मांजर हे थेट खातात किंवा विष खाल्लेला उंदीर खातात.

५) युरिया. फाटकं पोतं चाटलं किंवा युरिया विरघळवलेलं पाणी प्यायलं.

६) कोवळी ज्वारी. टोंगळ्याइतकी ज्वारी, पावसानं ताण दिल्यावर सुकलेली ज्वारी आणि कापणीनंतर खुंटाला आलेले फुटवे यांत सायनाइड तयार होतं. पोटऱ्यात आलेल्या, मोठ्या ज्वारीत ते कमी होतं. नीट वाळवलेल्या कडब्यात धोका खूप कमी असतो.

७) विषारी झाडं. धोतरा, कण्हेर, एरंडीच्या बिया, गुंजेच्या बिया, बेशरम, घाणेरी (रायमुनिया). चारा भरपूर असला की जनावर याला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाआधी उपाशी ढोर काहीही खातं.

८) मुद्दाम ठेवलेलं विष. रानडुकरासाठी किंवा भटक्या कुत्र्यांसाठी पिठाच्या गोळ्यात, मांसात घातलेलं. याविषयी खाली वेगळं लिहिलं आहे.

लक्षणांवरून अंदाज कसा घ्यायचा?

विषबाधेची पहिली खूण म्हणजे अचानकपणा. सकाळी चांगलं चरणारं जनावर दुपारी पडतं. एकाच ठिकाणी चरलेली, एकाच टाक्यावर पाणी प्यायलेली दोन-तीन जनावरं एकाच वेळी आजारी पडली तर संशय पक्का धरा.

लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, वारंवार पातळ शेण आणि लघवी, अंगाची थरथर, घरघर करत श्वास, अन् डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक : हे ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटाचं कीटकनाशक. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस हे पहिल्या गटातले. कार्बोफ्युरान, मिथोमिल हे दुसऱ्यातले. लक्षणं काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात.

थरथर, लाळ, कान-चामडी झटकणं, मांजरात जोराचे झटके : सायपरमेथ्रीनसारखं औषध असू शकतं.

तोंड कोरडं, बाहुली मोठी, जनावर बावचळल्यासारखं : धोतरा. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकाराच्या हे अगदी उलट आहे, म्हणून बाहुली पाहणं महत्त्वाचं.

कोवळी ज्वारी खाल्ल्यावर थोड्याच वेळात धाप, लटपट, खाली पडणं, तोंडाच्या आतली कातडी लालभडक : सायनाइड. यात मिनिटांचा हिशोब असतो.

पोट फुगणं, पोटात कळ, दात खाणं, थरथर, श्वासाला अमोनियाचा वास, आणि हे सगळं युरिया खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासात : युरियाची बाधा.

कुत्र्याला उलटी, उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीचा वास, पोटदुखी, झटके : झिंक फॉस्फाइड. या उलटीतून निघणारा फॉस्फीन वायू माणसालाही घातक आहे. जनावर मोकळ्या हवेत घ्या, उलटीवर वाकून वास घेत बसू नका.

हिरड्या पांढऱ्या, नाकातून किंवा शेणातून रक्त, अंगावर सूज, धाप, आणि हे खाल्ल्यापासून तीन-पाच दिवसांनी : ब्रोमाडिओलोन. त्यामुळे उंदराची वडी खाऊनही कुत्रं दुसऱ्या दिवशी खेळतं आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

डोळे आणि लघवी पिवळी, उन्हात उभं राहवत नाही, पांढऱ्या भागावरची चामडी सोलते : घाणेरी.

पहिला अर्धा तास

१) जनावर विषापासून दूर करा. बाकीची ढोरंही त्या वावरातून, त्या टाक्यावरून हटवा.

२) लगेच फोन लावा. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

३) डबा, पुडी, पाकीट, बियाण्याची थैली, खाल्लेल्या पाल्याची फांदी, जे असेल ते शोधा. लेबलचा फोटो पाठवा. लेबलवर औषधाचं रासायनिक नाव असतं, विषावर उताराही छापलेला असतो. रंगीत चौकोनातला खालचा त्रिकोण पाहा : लाल म्हणजे सर्वात जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वात कमी.

४) डॉक्टरला पाच गोष्टी सांगा : काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, जनावराचं अंदाजे वजन आणि आता काय लक्षणं आहेत. गाभण असेल तर तेही सांगा.

५) औषध अंगावर लागलं असेल तर हातात रबरी मोजे घालून साबण आणि भरपूर साध्या पाण्यानं धुवा. जोरात घासू नका, गरम पाणी वापरू नका. कुत्र्याचे दाट केस चिकट झाले असतील तर कापा. त्याला अंग चाटू देऊ नका.

६) ढोर पडलं असेल तर त्याला छातीवर बसतं ठेवा, दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेकू द्या. आडवं पडलं की पोट फुगून श्वास अडकतो. बेशुद्ध कुत्र्याला कुशीवर झोपवून मान सरळ, तोंड थोडं खाली ठेवा, म्हणजे लाळ बाहेर जाईल.

७) सावली, मोकळी हवा आणि शांतता. गावाची गर्दी दूर ठेवा.

हे करू नका

पाजू नका. गिळता न येणाऱ्या किंवा थरथरणाऱ्या जनावराला बाटलीनं, नळीनं काही पाजलं तर ते फुप्फुसात जातं. विषातून वाचलेलं जनावर मग न्यूमोनियानं मरतं.

दूध, तूप, तेल देऊ नका. काही विषं चरबीत विरघळतात आणि लवकर अंगात भिनतात.

मिठाच्या पाण्यानं कुत्र्याला उलटी करवू नका. जास्त मीठ हे स्वतःच विष आहे. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. झटके येत असतील, शुद्ध नसेल, किंवा रॉकेल, ॲसिडसारखं काही गेलं असेल तर उलटी कधीच करवायची नाही. गाय, बैल, म्हैस, बकरी यांना उलटी करवताच येत नाही.

मेडिकलमधून मनानं इंजेक्शन आणून टोचू नका. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चुलीतला कोळसा कुटून देऊ नका. डॉक्टर वापरतात तो सक्रिय कोळसा वेगळ्या पद्धतीनं तयार केलेला असतो.

डॉक्टर काय करतात आणि डबा का मागतात?

प्रत्येक विषावर उतारा वेगळा आहे, आणि काहींवर उताराच नाही. म्हणून नाव कळणं गरजेचं.

ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपीन देतात. लाळ सुकेपर्यंत आणि श्वास मोकळा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. जोडीला प्रॅलिडॉक्झाइम (पाम) देतात, पण ते लवकर दिलं तरच उपयोगी. उशीर झाला की विषाची पकड पक्की होते. कार्बामेटमध्ये मुख्य भिस्त ॲट्रोपीनवरच असते.

इथे एक हिशोब समजून घ्या. जनावरांसाठी ॲट्रोपीनचं प्रमाण किलोमागे साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम धरतात. नेहमीची छोटी कुपी ०.६ मिलिग्रॅमची. पंधरा किलोच्या कुत्र्याला कमीत कमी ३ मिलिग्रॅम म्हणजे पाच कुप्या. तीनशे किलोच्या बैलाला कमीत कमी ६० मिलिग्रॅम म्हणजे शंभर कुप्या! एवढा साठा डॉक्टरच्या बॅगेत नेहमी असेलच असं नाही. फोनवर विषाचं नाव आधी कळलं तर ते निघतानाच साठा जमवून येतात. येऊन पाहून मग औषध आणायला माघारी जावं लागलं तर तेवढ्यात बैल जातो. हा हिशोब माहितीसाठी आहे, टोचण्यासाठी नाही. ॲट्रोपीन जास्त झालं तर पोटाची हालचाल थांबून पोट फुगतं, जीवही जातो.

सायपरमेथ्रीन गटावर खास उतारा नाही. अंग धुणं, झटके थांबवणारी औषधं आणि सलाईन यावर भर असतो. सायनाइडवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट (हायपो) शिरेतून देतात. युरियावर भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर नळीनं थेट पोटात सोडतात. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ देतात, आणि ते तीन-चार आठवडे चालवावं लागतं. कुत्रं बरं दिसलं म्हणून मध्येच बंद केलं तर पुन्हा रक्तस्राव होतो. झिंक फॉस्फाइडवर आणि पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, तिथे फक्त लक्षणांप्रमाणे उपचार होतात. घाणेरीत जनावर सावलीत ठेवून यकृताचे उपचार करतात.

कुत्रं लवकर नेलं तर पोट धुणं, सक्रिय कोळसा देणं शक्य असतं. ढोरानं विष खाल्ल्याचं लवकर कळलं तर पोट उघडून चारा बाहेर काढण्याची शस्त्रक्रियाही होते. केस गंभीर असेल आणि जनावर हलवण्यासारखं असेल तर नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. १९५८ पासूनचं हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

विषबाधाच आहे की दुसरा आजार?

लाळ गाळणारं प्रत्येक जनावर विष खाल्लेलं नसतं. तोंडात आणि खुरात फोड असतील तर लाळ-खुरकत. पावसाळ्यात ताप आणि गळ्याला सूज असेल तर घटसर्प. मांडीवर सूज, दाबल्यावर करकर आवाज आला तर फऱ्या. सोयाबीनचा किंवा गव्हाचा ढीग फोडून खाल्ला असेल तर पोटात आम्ल होऊन जनावर पडतं. पाय किंवा तोंड सुजलं आणि दाताच्या खुणा असतील तर सर्पदंश.

कुत्र्याच्या बाबतीत जास्त सावध राहा. लाळ गळणं, आवाज बदलणं, पाणी गिळता न येणं, चावायला धावणं ही रेबीजची लक्षणं असू शकतात. 'काहीतरी अडकलं' म्हणून तोंडात हात घालू नका. चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ढोर अचानक मेलं आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त येत असेल तर तो फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. ते कापू नका, सोलू नका, हात लावू नका. डॉक्टरला कळवा.

जनावर मेलं तर

शवविच्छेदन करून घ्या. त्याशिवाय विषबाधा होती की आजार, हे सांगता येत नाही, आणि बाकीच्या ढोरांना काय धोका आहे तेही कळत नाही. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, फोटो काढा, कानातला बिल्ला काढू नका. कोणी विष घातल्याचा संशय असेल तर आधी पोलिसांत तक्रार द्या. पोटातला चारा, यकृत, मूत्रपिंडाचे नमुने डॉक्टर घेतात आणि ते पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात.

मेलेलं जनावर उघड्यावर फेकू नका. ते खाऊन कुत्री, गिधाडं आणि जंगली जनावरंही मरतात. विहीर-नाल्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. विषबाधा झालेल्या गायीचं दूध डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरात वापरू नका, वासरालाही पाजू नका.

मुद्दाम विष ठेवणाऱ्यांसाठी

बोर व्याघ्र प्रकल्प आपल्या शेजारी आहे. रानडुकरं वावराचं किती नुकसान करतात हे मला कोणी सांगायला नको, माझाही चना दरवर्षी जातो. पण गोळ्यात घातलेलं विष डुक्कर पाहून काम करत नाही. आधी गावातली कुत्री मरतात, मग बकऱ्या. जानेवारी २०२१ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात विष टाकलेलं वासरू खाऊन वाघीण आणि तिचे बछडे मेले. त्या प्रकरणात शेतकऱ्यालाच अटक झाली.

कायदा सोपा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला विष देऊन मारणं हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भटकं कुत्रंही यात येतं. वन्यप्राण्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. हेलपाटे घ्यावे लागतात हे खरं, पण तो रस्ता आहे.

होऊच नये म्हणून

औषधं कोठ्यात, ढेपेच्या आणि कुटाराच्या बाजूला ठेवू नका. कुलूप लागेल अशी पेटी करा. फवारणी झाल्यावर ड्रम उलटा करा, साचलेलं पाणी मातीनं बुजवा. रिकामे डबे ठेचून, भोक पाडून ठेवा म्हणजे कोणी पाणी पाजायला वापरणार नाही. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवत कापू नका, गायक्यालाही तसं सांगा. गोचिडासाठी जनावरांचंच औषध घ्या, लेबलवर सांगितलं तेवढंच पाणी घाला, आणि लावण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटणार नाही. जुनी, बंदी आलेली औषधं घरात पडून असतील तर ती वापरू नका. फोरेटचे दाणे २०२० च्या अखेरीस बंद झाले आहेत, एंडोसल्फानवर तर २०११ मध्येच बंदी आली.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. जे औषध माणसाचा जीव घेतं ते मुक्या जनावराला सोडणार नाही. माणूस निदान सांगू शकतो की मी काय फवारलं. ढोराला, कुत्र्याला ते सांगता येत नाही, त्याच्या वतीनं डबा दाखवणं हे आपलं काम आहे.

डॉक्टरांचा नंबर आणि १९६२ हा क्रमांक आजच कोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फवारणीच्या दिवशी डबा संध्याकाळपर्यंत घरी, उजेडात ठेवा. मी आता तसंच करतो.